तुरुंगात शिकणाऱ्या कुत्र्याचे चोवीस तास

कैद्यांनी कुत्र्याची पिल्ले वाढवायची, त्यांना शिकवायचे आणि तयार झालेली कुत्री अंध, अपंग किंवा आजारी माणसांच्या सोबतीला द्यायची, ही पद्धत जगातील काही देशांत गेली चार दशके चालू आहे. तिच्याविषयी जे लिहिले-बोलले जाते ते बहुतेक वेळा कैद्याच्या बाजूने असते: त्याचा राग कमी झाला, त्याला जबाबदारीची सवय लागली, सुटल्यावर त्याच्या हाताला काम मिळाले. हे लाभ खरे आहेत आणि मोलाचेही आहेत. परंतु या व्यवस्थेत आणखी एक जीव राहतो. त्याने गुन्हा केलेला नाही, त्याची संमती कोणी विचारलेली नाही, आणि तेथील दिवस त्याला कसे जातात हे तो कोणाला सांगू शकत नाही. तुरुंगातील प्रशिक्षण त्या कुत्र्याच्या हिताचे केव्हा असते आणि केव्हा नसते, हे या लेखात समजून घ्यायचे आहे.

कोल्हापूरकरांनी याचा विचार करावा असे वाटण्याला कारण आहे. कळंबा मध्यवर्ती कारागृहातील बंद्यांच्या हातच्या वस्तू आपल्या शहराला माहीत आहेत, अंबाबाईच्या प्रसादाचे लाडूही त्यांनी वळले आहेत. त्यामुळे तुरुंगातील माणसाला उपयोगी काम द्यावे ही कल्पना येथे कोणाला परकी वाटत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे तर १९३९ मध्ये, औंध संस्थानच्या काळात, कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती. दुसऱ्या बाजूला भटक्या कुत्र्यांचा प्रश्न शहराच्या प्रत्येक पेठेत आणि उपनगरात आहे. हे दोन धागे जोडण्याची सूचना उद्या एखादी प्राणिमित्र संस्था, एखादे महाविद्यालय किंवा एखादा अधिकारी सद्हेतूने करू शकतो. ती आली तर कुत्र्याच्या वतीने कोणते प्रश्न विचारायचे, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

या पद्धतीची सुरुवात सर्वसाधारणपणे १९८१ पासून धरली जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गिग हार्बरजवळ असलेल्या स्त्रियांच्या तुरुंगात पॉलीन क्विन या धर्मभगिनीने आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागाचे डॉ. लिओ बुस्टाड यांनी मिळून कैदी स्त्रियांकडून कुत्री शिकवून घेण्याचा उपक्रम उभा केला. पुढे १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ग्लोरिया गिल्बर्ट स्टोगा यांनी ‘पपीज बिहाइंड बार्स’ ही संस्था काढली, १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ‘नीड्स’ या संस्थेने आपली पिल्ले तुरुंगात वाढवायला सुरुवात केली, आणि नंतर जपानमधील शिमाने प्रांतात व स्कॉटलंडमधील पोलमाँट येथील तरुण कैद्यांच्या संस्थेतही असे उपक्रम सुरू झाले. यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात साहाय्यक कुत्रा होण्यासाठी जाणीवपूर्वक पैदास केलेले पिल्लू साधारण दोन महिन्यांचे असताना तुरुंगात येते, सुमारे दीड वर्षाचे होईपर्यंत तेथेच वाढते आणि मग पुढच्या शिक्षणासाठी संस्थेकडे परत जाते. दुसऱ्या प्रकारात बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यात पडून असलेली, कोणी घरी न नेलेली कुत्री काही आठवड्यांसाठी तुरुंगात आणली जातात, त्यांना घरात राहण्याच्या सवयी लावल्या जातात आणि मग त्यांना दत्तक दिले जाते.

यात कुत्र्याचे भले होते, हे आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. निवाऱ्यातील पिंजरा ही कुत्र्यासाठी अत्यंत कठीण जागा असते. अमेरिकेतील राइट स्टेट विद्यापीठाचे मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण पहिल्या तीन दिवसांत वाढलेले आढळले होते. अशा पिंजऱ्यातून निघून एखाद्या माणसाजवळ राहायला मिळणे, दिवसातून अनेकदा फिरायला मिळणे आणि अंगावरून मायेचा हात फिरणे, यांमुळे त्या कुत्र्याचे जगणे बदलू शकते. नोकरी करणाऱ्या कुटुंबातील कुत्रा दिवसाचे आठ-नऊ तास बंद घरात एकटा असतो. तुरुंगातील कुत्र्याच्या वाट्याला मात्र असा माणूस येतो ज्याच्याकडे वेळच वेळ आहे. चांगल्या उपक्रमांची ताकद यातच आहे, आणि ती अन्यत्र सहज उपलब्ध होत नाही.

अडचण मोजमापाची आहे. या उपक्रमांवर जे संशोधन झाले आहे, त्याचा बराचसा भर कैद्यांवर झालेल्या परिणामांवर आहे. कुत्र्याचे काय झाले, याचे उत्तर बहुधा दोनच आकड्यांत दिले जाते: किती कुत्री शिकून उत्तीर्ण झाली आणि किती दत्तक गेली. हेनेसी यांच्याच गटाने २००६ मध्ये तुरुंगातील उपक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा तेथे राहून आलेली निवाऱ्यातील कुत्री आज्ञा अधिक चांगल्या पाळतात असे दिसले. दत्तक जाण्याच्या दृष्टीने हे उपयोगाचेच आहे. परंतु आज्ञा पाळणे आणि सुखात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीतीपोटीही कुत्रा आज्ञा पाळतो, आणि पूर्ण खचलेला कुत्रा तर फारच ‘शांत’ दिसतो. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते बाळगले आणि शिकवले जात, हा इतिहास आपल्याकडे अभिमानाने सांगितला जातो. डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीवरून शिकारीला नेलेला तो चित्ता आपले काम उत्तम करी, यावरून तो सुखी होता असे म्हणता येत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हा निष्कर्ष आपण पटकन काढून मोकळे होतो.

मग प्राण्याचे कल्याण मोजायचे कसे? ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये शेतीतील प्राण्यांच्या स्थितीवर अहवाल दिला, आणि त्यातून पुढे १९७९ मध्ये ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली: भूक-तहानेपासून, गैरसोयीपासून, वेदना-इजा-आजारापासून आणि भीती व क्लेशापासून मुक्तता, तसेच आपले स्वाभाविक वर्तन करण्याची मोकळीक. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या खटल्यात निकाल देताना ही पाच स्वातंत्र्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३ व ११ शी जोडून वाचली. बैलगाडा शर्यतींमुळे हा विषय आपल्या जिल्ह्यात घरोघरी चर्चिला गेला आहे. २०२३ मध्ये घटनापीठाने अशा शर्यती व खेळांना मुभा देणारे राज्यांचे दुरुस्ती कायदे मान्य केले, तरी प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे हित सांभाळले पाहिजे, हे सांगणारे कलम ३ जागेवरच आहे. न्यूझीलंडचे डेव्हिड मेलर यांनी १९९४ पासून विकसित केलेली ‘पाच क्षेत्रां’ची मांडणी आणखी पुढे जाते. आहार, परिसर, आरोग्य आणि वर्तन ही चार क्षेत्रे तपासून त्यांवरून पाचव्याचा, म्हणजे प्राण्याच्या मनःस्थितीचा, अंदाज घ्यावा असे ती सांगते. त्रास टाळला एवढ्यावर ती थांबत नाही, तर प्राण्याच्या दिवसात आनंदाचे काही आहे का, असेही विचारते. माझ्या मते तुरुंगातील कुत्र्यासाठी हीच कसोटी लावली पाहिजे, आणि ती शिकवण्याच्या तासापुरती न लावता पूर्ण चोवीस तासांना लावली पाहिजे.

रात्रीपासून सुरुवात करू

परदेशी उपक्रमांच्या छायाचित्रांत एका लहान कोठडीत एक किंवा दोन कैदी आणि त्यांच्या पलंगाशेजारी कुत्र्याची जागा असे दृश्य असते. आपल्या कारागृहांची रचना बरीच वेगळी आहे. आपल्याकडे बहुतेक बंदी बरॅकमध्ये, म्हणजे एका मोठ्या खोलीत अनेक जण मिळून, राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१.४ टक्के बंदी होते. संध्याकाळी बंदी मोजून बरॅकला कुलूप लागते ते सकाळीच उघडते. या रचनेत कुत्रा आत ठेवला तर त्याची रात्र कशी जाईल, याचा विचार करून पाहावा.

पहिली अडचण अगदी साधी, शरीरधर्माची आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा अधिक वेळ लघवी धरून ठेवता येत नाही. मोठा, निरोगी कुत्रा रात्रभर थांबू शकतो, पण त्याला जुलाब झाले किंवा तो औषधावर असला तर थांबू शकत नाही. कुलूप उघडणार नसेल तर त्याला झोपण्याच्या जागेतच घाण करावी लागते, आणि कुत्रा हा आपली झोपायची जागा स्वच्छ ठेवणारा प्राणी असल्यामुळे हा त्याच्यासाठी खरा क्लेश असतो. त्यातच पन्नास माणसांच्या खोलीत त्यावरून वाद होणार आणि त्याचा राग शेवटी कुत्र्यावर निघणार, हे ओघानेच आले.

दुसरी अडचण झोपेची आहे. मोठा कुत्रा दिवसाचे निम्म्याच्या आसपास तास झोपतो, आणि लहान पिल्लू अठरा ते वीस तासदेखील झोपते. ही झोप म्हणजे आळस नसतो. हंगेरीतील संशोधकांनी कुत्र्यांच्या मेंदूतील लहरी मोजून २०१७ मध्ये दाखवून दिले की नवी आज्ञा शिकल्यानंतर मिळालेली झोप त्या शिकण्याशी थेट निगडित असते. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान जोर-बैठकांइतकाच खुराकाचा आणि झोपेचा हिशेब ठेवतो; कुत्र्याच्या प्रशिक्षणातही विश्रांती ही तालमीचाच भाग असते. तुरुंगात मात्र रात्रभर दिवे चालू असतात, पहारेकऱ्यांची ये-जा असते, लोखंडी दारे आपटतात आणि कोणी ना कोणी जागे असते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. आपल्या कानांना न जाणवणारी बिजागरीची किंवा यंत्राची कर्कश किणकिणही त्याला टाळता येत नाही.

यावर उपाय आहे. कुत्र्यांसाठी कारागृहाच्या आवारातच, पण बरॅकपासून बाजूला, स्वतंत्र आणि शांत खोल्या असाव्यात. रात्री त्यांना बाहेर काढण्याची जबाबदारी कामावरील कर्मचाऱ्याकडे लेखी सोपवलेली असावी. आणि दिवसा प्रत्येक कुत्र्याला कोणीही हात लावणार नाही अशी विश्रांतीची ठरावीक वेळ व जागा असावी. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुरुंगात कुत्रा आला की शेकडो माणसांना त्याला कुरवाळायचे असते, आणि त्यांची ही इच्छा अगदी समजण्यासारखी आहे. अनेकांनी कित्येक वर्षांत कोणत्याही प्राण्याला स्पर्शसुद्धा केलेला नसतो. परंतु दिवसभर अनोळखी हात अंगावर येत राहणे कुत्र्याला थकवणारे असते. त्याला उठून निघून जाता आले पाहिजे, आणि तो निघून गेला तर त्याला ओढून परत आणता कामा नये.

शिकवण्याची रीत

कुत्र्याला शिकवण्याच्या दोन वाटा आहेत. हवे ते वर्तन झाले की खाऊ, खेळ किंवा शाबासकी द्यायची, ही एक. आणि नको ते वर्तन झाले की पट्ट्याला झटका, ओरडणे, काटेरी किंवा विजेचा पट्टा यांनी त्रास द्यायचा, ही दुसरी. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणे अधिक दिसली, प्रशिक्षणानंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल अधिक वाढले, आणि वर्गाबाहेर घेतलेल्या चाचणीतही ही कुत्री अधिक निराशेने वागली.

तुरुंगात हा मुद्दा अधिक टोकदार होतो, कारण तुरुंगाची संपूर्ण व्यवस्थाच हुकूम आणि शिक्षा यांवर उभी आहे. जो माणूस दिवसभर हुकूम ऐकतो त्याच्या हातात पट्टा आला तर तो त्याच भाषेत कुत्र्याशी बोलण्याची शक्यता असते. त्यात त्याचा स्वभाव वाईट असतो असे नाही, त्याच्यासमोर नमुनाच तो असतो. म्हणूनच चांगल्या संस्था केवळ बक्षिसावर आधारलेली पद्धत सक्तीची करतात, बाहेरचा प्रशिक्षक नियमितपणे आत येतो आणि तो कैद्याच्या प्रगतीइतकेच कुत्र्याचे शरीर व वागणे पाहतो. तुरुंगाच्या इतिहासात कुत्र्याचा उपयोग कैद्याला भिववण्यासाठीही झाला आहे. अमेरिकेतील काही राज्यांत कोठडीतून कैद्याला बाहेर काढण्यासाठी कुत्री अंगावर सोडली जात, यावर ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २००६ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला होता. पहाऱ्याची कुत्री आणि शिकाऊ कुत्री एकाच आवारात, एकाच कर्मचाऱ्याच्या हाताखाली ठेवणे म्हणूनच योग्य नाही.

कुत्रा तक्रार करू शकत नाही असे वर म्हटले ते बोलण्यापुरते. शरीराने तो सतत सांगत असतो. भूक नसताना वारंवार ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभया देणे, मान वळवून डोळ्यांच्या कडेने पाहणे, शेपटी पोटाखाली घेणे, थंडी नसताना थरथरणे, आवडता खाऊ नाकारणे, त्याच त्या मार्गाने येरझारा घालणे, पंजा चाटून चाटून जखम करणे, ही ताणाची लक्षणे आहेत. ती ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही, शिकवले की कोणालाही ओळखता येतात. माझी सूचना अशी की कैद्याला ‘बस’ आणि ‘थांब’ शिकवायला शिकवण्याआधी पहिले काही दिवस फक्त कुत्र्याचे निरीक्षण करून लिहायला शिकवावे. कोणताही कैदी ‘आज माझा कुत्रा शिकण्याच्या मनःस्थितीत नाही’ असे म्हणू शकला पाहिजे, आणि तसे म्हटल्याबद्दल त्याला कामचुकार ठरवले जाता कामा नये.

पिल्लाचे तीन महिने

पिल्लांच्या बाबतीत एक पेच आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाची ओळख करून घेत असते. या काळात ज्या माणसांशी, आवाजांशी आणि जागांशी त्याचा सुखाने परिचय होतो, त्यांची त्याला पुढे भीती वाटत नाही. ज्यांच्याशी होत नाही, ते पुढे परके आणि धोक्याचे वाटतात. तुरुंगात लहान मुले क्वचितच असतात, रिक्षा नसतात, जिने आणि बाजार नसतात, पुरुषांच्या तुरुंगात स्त्रियाही क्वचितच दिसतात. तेथेच वाढलेले पिल्लू पुढे महाद्वार रोडच्या गर्दीत नेले तर ते गांगरून जाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

त्याच वेळी हेच वय रोगांच्या धोक्याचे असते. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांविरुद्धच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस द्यावे लागतात आणि ही मालिका सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते. म्हणजे पिल्लाला जग दाखवण्याची वेळ आणि त्याला जगापासून जपण्याची वेळ एकच असते. ‘नीड्स’सारख्या उपक्रमांनी यातून काढलेली वाट अशी की आठवडाभर पिल्लू तुरुंगात राहते आणि शनिवार-रविवारी स्वयंसेवी कुटुंब त्याला घरी नेते, जपानमधील उपक्रमातही आठवड्याच्या शेवटी गावातील कुटुंबे पिल्ले सांभाळतात. कोल्हापुरात अशी कुटुंबे मिळणे अवघड नाही. ती मिळालेली नसताना मात्र दोन महिन्यांचे पिल्लू तुरुंगात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. तुरुंगाच्या स्वयंपाकातील उरलेसुरले कुत्र्याला घालण्याचा मोह होईल, पण आपल्या जेवणात कांदा-लसूण मसाला सर्वत्र असतो आणि कांदा व लसूण हे दोन्ही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करतात. शिजवलेली हाडे फुटून आतड्याला टोचतात. कुत्र्याचे अन्न वेगळे शिजले पाहिजे किंवा विकत आणले पाहिजे, आणि त्याचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात लिहिलेला असला पाहिजे.

हवामानाचे मात्र सविस्तर सांगावे लागेल. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो; हवा दमट असेल तर ही युक्तीही अपुरी पडते. त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ च्या वर गेले तर जिवावर बेतते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये कुत्रा ठेवणे किंवा दुपारी तापलेल्या फरशीवर त्याला शिकवणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे होय. पावसाळ्यात दुसरा धोका सुरू होतो. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मूत्रातून माणसालाही होऊ शकतो. साचलेले पाणी, धान्याचे कोठार आणि अनवाणी वावरणारी माणसे जेथे एकत्र असतात, तेथे याची लस आणि उंदरांचा बंदोबस्त या दोन्ही गोष्टी अत्यावश्यक ठरतात. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्या भागात नेहमीचा आहे, त्यामुळे रोज अंग तपासणे हा कैद्याच्या कामाचाच भाग असावा.

सांभाळणारा बदलतो तेव्हा

कुत्र्याचे सर्वांत मोठे नुकसान जेथे होऊ शकते ती जागा कागदावर अगदी निरुपद्रवी दिसते. २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातील बंद्यांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे, होते. अशा बंद्याला कोणत्याही दिवशी जामीन मिळू शकतो, आणि तो मिळालाच पाहिजे. त्याने सांभाळलेला कुत्रा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दाराकडे पाहत बसतो. शिक्षा झालेल्या बंद्यांचीही दुसऱ्या कारागृहात बदली होते, ते संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर जातात, शिस्तभंगासाठी काही दिवस वेगळे ठेवले जातात. माणसाला कारण सांगता येते, कुत्र्याला फक्त माणूस नाहीसा झाल्याचे कळते. कुत्र्याला आपल्या माणसाचा आधार किती लागतो हे ज्याने कुत्रा पाळला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून प्रत्येक कुत्र्याला पहिल्या दिवसापासून दोन हस्तक, म्हणजे त्याला सांभाळणारे व शिकवणारे बंदी, असावेत, दोघांच्याही हातून त्याचे खाणे, फिरणे आणि शिकणे व्हावे. निवड शिक्षा झालेल्या आणि पुरेसा काळ शिल्लक असलेल्या बंद्यांतूनच व्हावी. प्राण्यांशी क्रूरता किंवा लहान मुलांवर अत्याचार केलेल्यांना यात घेऊ नये, आणि बदलीच्या आदेशापूर्वी कारागृह प्रशासनाने उपक्रमाच्या समन्वयकाला कळवण्याची लेखी पद्धत असावी. खुल्या कारागृहात या अडचणी पुष्कळ कमी होतात. तेथील बंदी दिवसभर मोकळ्या शेतावर काम करतात, तेथे शिक्षा झालेले आणि विश्वासास पात्र ठरलेलेच असतात. कुत्र्याच्या दृष्टीने पाहिले तर आपल्याकडे असा उपक्रम बंद बरॅकपेक्षा खुल्या कारागृहातच आधी करून पाहावा.

कुत्री कोणती न्यावीत, हाही प्रश्न आहे. रस्त्यावरची कुत्री पकडून तुरुंगात नेली की शहराचा प्रश्न सुटेल, अशी कल्पना कोणाच्या मनात असेल तर ती काढून टाकावी. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्याला त्याच्याच भागात परत सोडायचे असते. रेबीजग्रस्त आणि हल्लेखोर कुत्र्यांची व्यवस्था वेगळी आहे. नियम बाजूला ठेवला तरी, आयुष्यभर गल्लीत मोकळा फिरलेला, स्वतःची हद्द आणि स्वतःचा कळप असलेला प्रौढ कुत्रा भिंतीआड कोंडणे ही त्याच्यासाठी शिक्षाच आहे. टाकून दिलेली पाळीव कुत्री, अपघातातून बरी होत असलेली आणि घर शोधत असलेली कुत्री यांच्यासाठी हा उपक्रम खरोखर उपयोगी ठरेल. अंधांसाठी मार्गदर्शक कुत्रे तयार करण्याचे मोठे ध्येय सुरुवातीलाच ठेवू नये. त्यासाठी खास पैदास, अनेक वर्षांचा अनुभव आणि बसपासून दवाखान्यापर्यंत अशा कुत्र्याला प्रवेश देणारी सार्वजनिक व्यवस्था लागते. जेथे हे सर्व आहे त्या देशांतही त्यासाठी वाढवलेल्या कुत्र्यांपैकी बरीच शेवटपर्यंत टिकत नाहीत. घरात शांतपणे राहणारा, पट्ट्याला न ओढणारा, पाहुण्यांवर उडी न मारणारा कुत्रा तयार करणे हे काम लहान नाही, आणि त्यातून कुत्र्याला हक्काचे घर मिळते.

कायद्याचा आधार आहे, पण तो तोकडा आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार कुत्र्याला अवास्तव काळ किंवा अवास्तव आखूड साखळीने बांधून ठेवणे, हालचालीला अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, तसेच नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवायला मालकाने टाळाटाळ करणे हे सर्व गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजूनही दहा ते पन्नास रुपये आहे. त्यामुळे खरा आधार कायद्यापेक्षा उपक्रमाच्या करारातच असायला हवा: कुत्र्याची मालकी कोणत्या संस्थेची आहे, पशुवैद्य किती दिवसांनी येणार, आणि एखादा कुत्रा येथे रमत नाही असे पशुवैद्याने सांगितल्यास त्याला चोवीस तासांच्या आत बाहेर काढण्याचा अधिकार कोणाला आहे. हा अधिकार कारागृह प्रशासनाकडे असू नये. उपक्रम चालू राहण्यात प्रशासनाचे हित असते, त्यामुळे कुत्र्याच्या बाजूने ‘पुरे’ म्हणणारी व्यक्ती बाहेरची आणि स्वतंत्र असली पाहिजे.

राहिला प्रश्न बाहेर पडण्याचा. कुत्रा आत नेण्याआधीच तो बाहेर कोणाकडे जाणार हे ठरलेले असावे, निदान त्याचा भार घेणारी संस्था ठरलेली असावी, म्हणजे मुदत संपली आणि घर मिळाले नाही म्हणून तो पुन्हा पिंजऱ्यात जाणार नाही. नव्या कुटुंबाने निघण्याआधी दोन-तीनदा येऊन त्याला भेटावे, हस्तकासोबत त्याला फिरवावे. त्याच्यासोबत लसीकरणाची पुस्तिका जावी आणि हस्तकाने लिहिलेली टिपणेही जावीत: तो कशाला घाबरतो, कोणत्या हाकेला येतो, कोठे हात लावलेला त्याला आवडत नाही. पहिल्या महिन्यात संस्थेच्या माणसाने घरी जाऊन पाहावे, आणि ते घर जमले नाही तर कुत्रा परत घेण्याची हमी संस्थेने लेखी द्यावी.